साय न धरणारं दूध

विद्यानगरातल्या शेषगिरी मास्तरांच्या घरात दुधाचं पातेलं वर्षातून एकच महिना पालथं पडायचं. भाद्रपदातली शुद्ध एकादशी सरली, द्वादशीची पूजा झाली, की अंबूताई ते पातेलं घासूनपुसून फळीवरच्या कप्प्यात ठेवून द्यायच्या. मग अश्विनातल्या द्वादशीपर्यंत त्या घरात दुधाचा थेंब यायचा नाही. कॉफी कोरी, आणि देवालाही गूळ-खोबरंच. नवरा-बायको दोघंही चातुर्मास पाळणारी. पहिला महिना भाजी नाही, दुसरा दही नाही, तिसरा दूध नाही, आणि चौथा द्विदळ नाही. म्हणजे ज्या बीची सोलल्यावर दोन दळं होतात, असलं काहीच नाही. तूरडाळ नाही, हरभरा नाही, शेंगदाणा नाही. अंबूताई धारवाडहून हुबळीला सून होऊन आल्या त्या वर्षापासून हे चालत आलेलं. एवढं कडक कशाला, असं कुणी विचारलं तर मास्तर हसायचे. म्हणायचे, देवानं चार महिने झोप काढायची आणि भक्तानं चार महिने खात सुटायचं, हे दिसायला तरी बरं दिसतं का?

मास्तर हायस्कुलात गणित शिकवत. पण कमरीपेठेत त्यांना गणिताचे मास्तर म्हणून कुणी ओळखत नसे. तिथं ते पेटीवाले मास्तर. कमरीपेठेतल्या देवळात बुवांचं कीर्तन असलं की पेटीवर शेषगिरी मास्तर ठरलेले. बुवा निरूपणात लांब गेले, की मास्तर डोळे मिटून एकच सूर धरून बसत, आणि बुवा फिरून फिरून त्याच सुरावर घरी येत. बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसलेल्या अंबूताईंना निरूपणातलं सगळंच कळत होतं असं नाही. पण तो सूर त्यांना कळायचा. तो आपल्या घरचा आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

मग मास्तरांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग पाढे, मग देवळातून घरी यायची वाट. पेटीचे सूर सगळ्यांच्या मागून गेले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध लिहून दिलं आणि याला औषध नाही हेही सांगितलं.

अजून थोडं भान होतं, त्या दिवसांतली गोष्ट. संध्याकाळी दोघं पडवीत बसली होती. मास्तर बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, "अंबू, माझं काय काय जाणार आहे, मला ठाऊक नाही. व्रत तेवढं जाऊ देऊ नको."

अंबूताई म्हणाल्या की असलं अभद्र बोलू नये.

"ऐक. आजाऱ्याला नियम नाही म्हणून शास्त्री सांगतील. आपला श्रीहर्ष तर सांगेलच, वकील आहे तो. तू ऐकू नको. मला कळत असेल तोवर मी पाळीनच. मला कळत नसेल तेव्हा तू पाहिजेस."

अंबूताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. नाही जाऊ देत, म्हणाल्या. या कथेत जे काही घडलं ते त्या एका शब्दापायी.

पुढच्या चातुर्मासापर्यंत मास्तरांना अंबूताईंचं नाव आठवेनासं झालं. त्या कोण, हे त्यांना उमगत नसे. पण ही बाई आपल्याला जेवू घालते, एवढं मनात कुठंतरी पक्कं होतं. मराठी हळूहळू मावळली आणि तिच्याखालून लहानपणची, कमरीपेठेतल्या पोरांची कानडी वर आली. चपाती घशात अडकू लागली, भात गालात तसाच राहू लागला. डॉक्टर म्हणाले, जे घशाखाली उतरेल ते द्या. उतरत होतं ते फक्त दूध. सकाळी दूध, दुपारी दूध, रात्री निजताना दूध. भूक लागली की मास्तर स्वैपाकघराच्या दारात येऊन उभे राहात आणि अंबूताईंना म्हणत, "अव्वा, हालु." आई, दूध. सत्तरी ओलांडलेल्या नवऱ्यानं आपल्याला आई म्हणावं, याचं पहिल्यांदा अंबूताईंना फार लागलं. मग सवय झाली. सवय कशाचीही होते, देवानं माणसाला एवढी एक सोय करून ठेवली आहे.

पेल्यावर जाड साय धरलेली असायची. ती मास्तर आधी बोटानं उचलून खात, मग दूध पीत. मिशीला साय लागे, ती अंबूताई पदरानं पुसत.

आणि भाद्रपदातली एकादशी आली.

द्वादशीला श्रीहर्ष कोर्टातून घरी आला तेव्हा पातेलं फळीवर चढलेलं होतं. त्यानं आईला शांतपणे समजावून बघितलं. अण्णा जगताहेत ते दुधावर. ताकाच्या आंबटानं ठसका लागतो. फळांचा रस पोटात राहात नाही. आणि मुख्य म्हणजे अण्णांना आज वार कुठला हे आठवत नाही, तर व्रत कुठून आठवणार?

अंबूताई देव्हाऱ्यातली निरांजनं पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना आठवत नाही म्हणून देवालाही आठवत नाही, असं आहे का रे?"

श्रीहर्षनं काळा कोट काढून खुंटीला लावला. देवाची उलटतपासणी घ्यायची सोय नसते.

वाट काढली ती सुनेनं. दीपश्री कॉलेजात शिकवायची. बडबडी, हसरी, सासूला आत्या म्हणणारी. तिनं फोनवर एक व्हिडिओ लावून सासूसमोर धरला. कुणीशी बाई बदामाचं दूध करून दाखवत होती. बदाम रात्री भिजत घाला, सकाळी सोला, वाटा, गाळा. गाळायला म्हणे खास पिशवी मिळते, नट मिल्क बॅग.

"आमच्याकडं तिला पंचा म्हणतात," अंबूताई म्हणाल्या.

"तिची नखं बघा आत्या. असल्या नखांनी हिनं बदाम सोलले असतील, असं वाटतं का तुम्हाला?"

"ती दाखवायला करते आहे गं. आपल्याला पाजायचं आहे."

बदामाचं दूध गाईचं नव्हे, म्हशीचं नव्हे. व्रताला बाध नाही, रंग दुधाचा, अंगाला ताकद. अंबूताईंना वाटलं, देवानंच सुनेच्या हातात फोन दिला.

पण ते काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. सोवळ्यात मिक्सर चालत नाही, म्हणून त्यांनी देवघराशेजारचा लहान पाटा काढला. पहिल्या दिवशी बदाम जाडेभरडे राहिले, दूध कणीदार झालं, मास्तरांनी थुंकून टाकलं. दुसऱ्या दिवशी बारीक वाटलं, पण तापवायला ठेवून अंबूताई तुळशीला पाणी घालायला गेल्या तेवढ्यात ते उकळलं आणि फुटलं. वर चोथा, खाली पाणी. मग हात बसला. वाटताना पाणी चमचाचमचानं घालायचं, एकदम नाही. वाटण लोण्यासारखं बोटावर पसरलं पाहिजे. गाळायला नवं कापड उपयोगाचं नाही. मास्तरांचं कीर्तनातलं जुनं उपरणं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं, तेच लागतं. पहिलं पिळलेलं दाट दूध वेगळं ठेवायचं, चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसऱ्यांदा पिळायचं, आणि ते पातळ दूध गरम करून त्यात दाट दूध मागाहून मिसळायचं, म्हणजे फुटत नाही. चिमूटभर केशर, थोडा गूळ. चोथा तुपावर परतून त्याचा लाडू केला, तर दीपश्रीनं तो कॉलेजात नेऊन मैत्रिणींना खिलवला आणि सासूच्या नावावर शाबासकी घेऊन आली.

दूध छान झालं. मास्तरांनी पेला हातात घेतला, आत बघितलं, बोट घालून वरून फिरवलं. बोटाला काही लागेना.

"इदल्ल," ते म्हणाले. हे नव्हे.

बदामाच्या दुधाला साय धरत नाही. अंबूताईंनी पुष्कळ खटपट केली. मंद आंचेवर ठेवलं, वारा घातला, झाकून ठेवलं. साय काही धरेना. मास्तर रोज पेल्यात बघत, रोज म्हणत, "इदल्ल," आणि पेला सरकवत. नंतर दारात येऊन उभे राहात. अव्वा, हालु. घरात एक पेला दूध मागणारं माणूस, कोपऱ्यावर दुधाचं दुकान, आणि मध्ये उभी असलेली ही बाई.

बुवा एक कथा लावायचे. गरीब ब्राह्मणाचं पोर. शेजारची मुलं दूध पितात ते बघून आईजवळ दूध मागतं. घरात गाय नाही, मागायला दार नाही. आई तांदळाचं पीठ पाण्यात कालवते आणि वाटी मुलाच्या हातात देते. मुलगा ते पितो आणि अंगणभर नाचतो, मी दूध प्यालो, मी दूध प्यालो. इथं बुवा थांबायचे. मास्तर पेटीवर एकच बारीक सूर धरायचे, आणि सबंध देऊळ डोळे पुसायचं. अंबूताईंनी ती कथा किती वेळा ऐकली असेल आणि दर वेळी त्या पोरासाठी रडल्या होत्या. आता पाट्यावर बदाम वाटताना त्यांच्या मनात यायचं, त्या आईच्या घरात दूध नव्हतं म्हणून तिनं पीठ कालवलं. आपल्या दाराशी दूध असून आपण कालवतो आहोत. तिचं पोर निदान नाचलं तरी.

एका सकाळी पेला मास्तरांच्या ओठाशी धरून बसल्या असताना त्या नकळत गुणगुणू लागल्या. कथेच्या आधी बुवा म्हणायचे त्या पदाची चाल. शब्द नव्हते, नुसती चाल. मास्तरांनी मान कलती केली. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलली, जिथं पेटी असायची तिथं. तोंड उघडलं. अंबूताईंनी एक घोट दिला, तो खाली गेला. चाल थांबली तसं तोंडही मिटलं. पुन्हा चाल, पुन्हा घोट. सबंध पेला संपायला वेळ लागला आणि अंबूताईंचा घसा बसला, पण पेला संपला.

दीपश्री दारात उभी होती. त्या दिवशी कॉलेजात निघताना तिनं, कधी नव्हे ते, सासूच्या पायांना हात लावला.

तिथून पुढचे दिवस सोन्यासारखे गेले. मास्तर साय शोधेनासे झाले. बदामाच्या दुधाची त्यांच्या जिभेला चटक लागली. एवढंच नव्हे, तर सकाळी अंबूताई भिजलेले बदाम सोलायला बसल्या की तेही समोर पाटावर येऊन बसू लागले. बदाम चिमटीत धरून दाबला की पांढरा गर टुणकन उडतो, याची त्यांना भारी मौज वाटे. पहिल्या दिवशी एक बदाम उडून थेट देव्हाऱ्यातल्या कृष्णाच्या पायाशी पडला आणि मास्तर हसले. किती दिवसांनी हसले. अंबूताईही हसल्या आणि म्हणाल्या की घ्या, नैवेद्य झाला. सोललेले बदाम ते एका रेघेत मांडत, गणिताच्या मास्तरांसारखे, आणि रेघ पुरी झाली की ती मोडून पुन्हा मांडत. बायकोचं नाव विसरलेला नवरा रोज सकाळी तिच्यासमोर बसून तिला हातभार लावत होता. संसाराच्या ऐन भरात मास्तरांनी कधी बदाम सोलले नव्हते. शाळा, शिकवण्या आणि पेटी, यांतून त्यांना फुरसत कुठं होती? अंबूताईंना वाटे, हा महिना संपूच नये.

महिने कुणाच्या म्हणण्यानं थांबत नाहीत. नवरात्र बसलं, दसऱ्याला सोनं वाटून झालं, एकादशी आली आणि गेली.

द्वादशीला अंबूताई पहाटेच उठल्या. क्षीरव्रत पार पडलं होतं. दिलेला शब्द त्यांनी पाळला होता, आणि वर माणूसही टिकवला होता. फळीवरचं पातेलं खाली उतरलं. दीपश्रीनं आदल्या दिवशीच गवळ्याला सांगून ठेवलं होतं. दूध तापलं, त्यावर पिवळसर साय धरली, आणि ते घेऊन अंबूताई देवापुढं बसल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. आता मास्तरांना पोटभर दूध.

मास्तर सवयीनं पाटावर येऊन बसले होते. समोर भिजलेल्या बदामांचं भांडं होतं.

शेजारच्या भाग्यलक्ष्मीबाई तीर्थ घ्यायला आल्या. त्याही चातुर्मास पाळणाऱ्या. अंबूताईंची आणि त्यांची कीर्तनातली जोडी. त्यांनी भांड्याकडे बघितलं, मास्तरांच्या हाताकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अंबूताई, बदाम द्विदळ आहे की हो."

मास्तरांनी तेवढ्यात बदाम दाबला होता. गर बाहेर आला आणि त्यांच्या चिमटीत त्याची दोन दळं झाली. गुळगुळीत, पांढरी, एकासारखी एक.

चाळीसावर वर्षं अंबूताईंनी या महिन्यात शिऱ्यावर काजूचा तुकडा पडू दिला नव्हता. कुणी बदाम घातलेली बर्फी आणली तर तोंडदेखलं हसून बाजूला ठेवली होती. आणि काल संध्याकाळी, चौथ्या व्रताच्या तोंडाशी, त्यांनीच आपल्या हातानं बदाम भिजत घातले होते. दुधाच्या महिन्यात दूध टाळण्यापायी त्यांनी नवऱ्याला ज्याची सवय लावली, नेमकं तेच आता व्रताला चालणार नव्हतं. महिनाभर त्यांनी बदाम सोलले, आणि बी दुभंगते हे त्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडत असून दिसलं नव्हतं.

असू दे, म्हणाल्या त्या. आता काय, दूध चालतंच आहे. त्यांनी बदामांचं भांडं उचलून आत ठेवलं आणि दुधाचा पेला पुढं केला.

मास्तरांनी घोट घेतला. सगळा चेहरा आक्रसला. साय ओठाला चिकटली होती, ती त्यांनी बोटानं खरवडून काढली आणि बोट पंच्याला पुसलं.

"इदल्ल," ते म्हणाले.

अंबूताईंनी चाल धरली. मास्तरांची बोटं हलली, तोंड उघडलं, दूध आत गेलं आणि तसंच बाहेर आलं. पुन्हा प्रयत्न केला तर त्यांनी तोंड घट्ट मिटलं आणि मान फिरवली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. नारळाचं दूध काढून बघितलं, ते पोटाला मानवेना. तांदळाची पेज दिली, ती गालात साठून राहिली. दूध पातळ केलं, गोड केलं, केशर घातलं. वास येताच मास्तर पेला ढकलत. सकाळ झाली की पाटावर येऊन बसत, रिकाम्या जागेकडे बघत, चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करून दाबत. मग पाटावर येणंही थांबलं. अंग उतरत चाललं. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, नळी घालता येईल, पण या वयात आणि या आजारात ती घालावी असं मी सांगणार नाही. जे आवडीनं घेत होते ते द्या.

अंबूताईंनी मठातल्या आचार्यांना फोन लावला. आचार्य जुन्या ओळखीचे, मास्तरांच्या पेटीचे चाहते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मायेनं सांगितलं की आजाऱ्याला नियम नाही, शास्त्रानंच मोकळीक दिली आहे, निःशंक मनानं बदाम द्या. अंबूताईंनी फोन ठेवला. आचार्य हेच म्हणणार, हे मास्तरांनी आधीच सांगून ठेवलेलं. मोकळीक शास्त्राची होती. शब्द मास्तरांना दिलेला होता, आणि तो परत घेणारा माणूस समोर पडून असूनही कुठंच नव्हता.

त्या संध्याकाळी श्रीहर्ष आईजवळ येऊन बसला. वकिली आवाज नव्हता त्याचा. म्हणाला, "आई, आधी दूध नाही, आता बदाम नाही. हे व्रत अण्णांचं आहे, की तुझं झालंय?"

अंबूताई उठून मास्तरांचं पांघरूण सारखं करू लागल्या.

रोजच्यासारखी सकाळ झाली. त्यांनी स्नान केलं, पूजा केली, आणि तीर्थाची पळी घेऊन मास्तरांच्या खाटेशी आल्या. काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं. दान देताना हातावर उदक सोडतात. तसं मास्तरांच्या हातून आपल्या हातावर उदक सोडवून घ्यायचं, व्रत आपल्याकडे घ्यायचं. मग ते मोकळे. पुढं जे काही व्हायचं ते आपलं व्हावं. त्यांनी मास्तरांना उशीला टेकवून बसवलं, त्यांच्या उजव्या तळहाताचा खळगा केला, त्यात पळीभर पाणी घातलं आणि खाली आपली ओंजळ धरली.

"सोडा," त्या म्हणाल्या. "हे व्रत अंबूला दिलं म्हणा आणि सोडा."

मास्तरांनी तळहातावरच्या पाण्याकडे बघितलं. जन्मभराच्या सवयीनं हात तोंडाशी गेला. त्यांनी ते तीर्थ म्हणून प्राशन केलं, ओला हात डोळ्यांना लावला, मस्तकावरून फिरवला. अंबूताईंची ओंजळ कोरडीच राहिली.

सगळं गेलं होतं, ही भक्ती तेवढी हातात उरली होती. अंबूताईंना हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ असं रडू आलं, की दीपश्री धावत आली. अंबूताईंनी तिला सांगितलं की काही नाही, जा, बदाम भिजत घाल. गरम पाण्यात घाल, लवकर सुटतात. तिनं विचारलं, व्रत? अंबूताई म्हणाल्या, घाल गं.

दुपारी बदाम सुटले. भांडं खाटेवर ठेवलं तसं मास्तरांचे डोळे तिकडे वळले. बोटांत जोर उरला नव्हता, पण चिमटीत बदाम धरला. अंबूताईंनी वरून आपली बोटं दाबली. गर बाहेर आला, दुभंगला. एक दळ मास्तरांनी बराच वेळ निरखलं आणि तोंडात ठेवलं. चावता येत नव्हतं, नुसतं जिभेवर धरून बसले. दुसरं दळ तळहातावर घेऊन त्यांनी तो हात अंबूताईंच्या समोर केला.

"तगो," ते म्हणाले. घे. गल्लीतल्या सवंगड्याला द्यावं तसं.

अंबूताईंचं स्वतःचं व्रत होतंच की. सासूनं हातावर पाणी घालून दिलेलं, एकाही वर्षी न चुकलेलं. मास्तर आजारी होते, त्यांना शास्त्राची मोकळीक होती. अंबूताईंना कुठलीच मोकळीक नव्हती. मास्तर हात पुढं करून बसले होते. कोण ही बाई, त्यांना ठाऊक नव्हतं. पण आपण खातो त्यातलं अर्धं हिला द्यायचं, एवढं ठाऊक होतं.

त्यांनी ते दळ उचललं आणि खाल्लं.

मग पाटा मांडला, दूध काढलं, आणि चाल म्हणत घोट घोट पाजलं. मास्तर प्याले. मिशीला लागलेलं दूध अंबूताईंनी पदरानं पुसलं. साय नव्हती, पण हात त्याच सवयीनं गेला.

असं थोडे दिवस चाललं. तुळशीचं लग्न लागायच्या आधी, एका सकाळी, पेला ओठाशी असताना घोट आत गेला नाही. अंबूताईंची चाल अजून सुरू होती. ती त्यांनी मध्येच तोडली नाही, पदाच्या शेवटापर्यंत नेली आणि मग पेला खाली ठेवला.

समाचाराला पुष्कळ माणसं आली. जो तो म्हणे, काय निष्ठेचा माणूस, भान गेलं तरी व्रत गेलं नाही. श्रीहर्षही मान हलवत होता. आईच्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणूनच हलवत असावा. अंबूताई भिंतीशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांचं नका बोलू तसं. व्रत मोडलं. मी मोडलं." भाग्यलक्ष्मीबाई उठल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

मार्गशीर्षात बुवा भेटायला आले. येत्या कीर्तनात मास्तरांच्या व्रताचा दाखला द्यावा असं त्यांच्या मनात होतं. अंबूताईंनी त्यांना सगळं सांगितलं. भिजवलेले बदाम, आचार्यांचा फोन, कोरडी ओंजळ, अर्धा बदाम. देव मला काय ते विचारील, मी सांगीन, म्हणाल्या. पण देवळात उभं राहून खोटं नका सांगू. बुवा नमस्कार करून गेले.

त्या कीर्तनाला अंबूताई गेल्या आणि आपल्या खांबाला टेकून बसल्या. बुवांनी मास्तरांचं नाव काढलं नाही. त्यांनी त्या गरीब ब्राह्मणाच्या पोराची कथा लावली. पीठ पाण्यात कालवलं गेलं, पोरानं वाटी तोंडाला लावली, पोर अंगणात नाचू लागलं. बुवा थांबले. पेटीवर नवा माणूस होता. इथं सूर धरायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. देऊळभर नुसती शांतता पसरली, आणि बुवाही ती मोडीनात.

बाया डोळे पुसत होत्या, त्या पोरासाठी. अंबूताईंच्या मनात पोर नव्हतंच. त्या आईनं रिकामी वाटी परत हातात घेतली असेल, तेव्हा तळाला थोडं उरलं असेल. ते तिनं काय केलं, हे बुवांनी इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. अर्धा बदाम खाल्लेल्या अंबूताईंना ते न सांगताच कळलं होतं. त्यांनी ओठ मिटले आणि शांततेत, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, तो सूर धरला.